स्वस्तात मिळालेलं नाव

ते नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही मोबाइल काढून शोधणार, आणि त्या नावाकडं आणखी चार माणसं फिरकणार. तेवढंही मला नको आहे. इंग्रजीतलं छोटंसं नाव होतं, शेवटी डॉट कॉम, एकदा ऐकलं की डोक्यात बसणारं. वेबसाइटची नावं विकण्याचे बाजार असतात इंटरनेटवर. तशा एका बाजारात ते मांडलेलं होतं. पुढं सोनेरी अक्षरांत ‘प्रीमियम’, बाजूला ‘व्हेरिफाइड’ची हिरवी खूण, आणि किंमत एका बऱ्यापैकी बकरीची. ती हिरवी खूण आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी उमरखेडला एका खासगी शाळेत संगणक शिकवतो. आठवडाभर तिथंच खोली करून राहतो आणि रविवारी ढाणकीच्या वाटेवरच्या आमच्या तांड्यावर येतो. एकेकाळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायची. आता सगळ्यांची कापूस, सोयाबीन, हळद. घरात बापू म्हणजे वडील, याडी म्हणजे आई, थोरला भाऊ आणि वहिनी. भाऊ उमरखेड-ढाणकी काळीपिवळी चालवतो. आपसात आम्ही गोरबोलीत बोलतो, पण ती सगळ्यांना कळणार नाही, म्हणून इथं घरच्यांनाही मी वऱ्हाडीतच बोलायला लावलं आहे. त्यांनी सांभाळून घ्यावं.

आणखी एक सांगून ठेवतो. आमच्याकडं सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. बापू समोर असले की वहिनी ओढणी नाकापर्यंत ओढते आणि जे सांगायचं ते याडीला सांगते. याडी ते बापूंना सांगते, बापू याडीला उत्तर देतात, आणि तिघंही एकाच अंगणात चार हातांवर बसलेले असतात. मी त्यावरून वहिनीला छळतो. "तुमचा फोन अजून एक्सचेंजमधूनच लागते काय?" असं विचारलं की ती मला उलथनं दाखवते. माझ्याशी बोलताना मात्र तिच्या तोंडाला कुलूप नाही.

तर गोष्ट या वहिनीची. आमच्या बायका आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचं भरतकाम करतात. याडीच्या पिढीनं ते स्वतःच्या अंगावर घालायला केलं. वहिनीनं तांड्यातल्या सात-आठ जणी जमवून पिशव्या, उशांचे अभ्रे, भिंतीवर लावायच्या पट्ट्या करायला घेतल्या. माल न्यायला शहरातून एक व्यापारी यायचा. चहा प्यायचा, याडीच्या पाया पडायचा, "माँजी, आपके हाथों में जादू है" म्हणायचा आणि गाडी भरून निघून जायचा. एका रविवारी मी घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच वहिनीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक अभ्रा होता, आणि तो याडीचाच होता, कारण नजर लागू नये म्हणून याडी एका कोपऱ्यात एक आरसा मुद्दाम उपडा बसवते. अभ्र्याला लेबल होतं त्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या नावाचं, वळणदार इंग्रजीत. खाली बराच मजकूर होता.

"काय लिवलं ते सांगा," वहिनी म्हणाली.

"हे काम मरून राह्यलं होतं, या पोरीनं गावोगाव फिरून त्याले जिवंत केलं, असं लिवलं."

"मरून राह्यलं होतं? अन् मंग इथं कोण बसून शिवून राह्यलं? भुतं?"

याडी खळखळून हसली. वहिनी हसली नाही. त्याच दिवशी तिनं ठरवलं की माल आता आपल्या नावानं जाईल. पैसे कमी आले तरी चालतील, उशिरा आले तरी चालतील, पण पिशवीवर आपलं नाव असेल, आणि ते नाव मोबाइलवर टाकलं की आपलीच वेबसाइट उघडेल. दुसरं तिला काही नको होतं. व्यापाऱ्याला तिनं फोन करून सांगून टाकलं की पुढच्या खेपेला येऊ नका. तो म्हणे, "सोच लो, बहन." तिनं फोन ठेवून दिला.

नाव शोधायला आम्ही अंगणात बाजेवर बसलो. सुचलेलं प्रत्येक नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. वापरायला नव्हे; नुसतं अडवून ठेवलेलं, विकायला. मला हा धंदाच कळत नाही. शब्द आपल्या आयाबायांनी बोलून बोलून घडवायचे आणि कुणी उपटसुंभानं त्यांच्यामागं डॉट कॉम लावून लाखांना विकायचे. एकेका नावाची किंमत अशी, की आख्ख्या तांड्याचं सोयाबीन विकलं तरी पुरू नये. आणि त्याच रांगेत मधोमध हे नाव. छोटं, गोंडस, कापडाच्या कामाला अगदी फिट्ट बसणारं, आणि बकरीच्या भावात.

"काहून एवढं स्वस्त?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, सगळ्यांनी ऐकलं.

विकणाऱ्यानं खाली लिहिलं होतं: अर्जंट, घरात आजारपण. मी म्हणालो, "थांबा. नावाचा मागचा इतिहास पाह्याची सोय असते. पुढच्या रविवारी नीट पाहतो, मंग घेऊ."

बापूंनी नकारार्थी मान हलवली. त्यांचं तरुणपण बैलबाजारात गेलं. त्यांचा एक नियम आहे, जो त्यांच्या वडिलांचाही होता. बैलाचे दात बघा, चाल बघा, खांदा बघा. पण अडचणीतला माणूस बैल स्वस्त देत असेल तर त्याला कारण विचारायचं नाही, आणि पाठीमागं चौकशीही करायची नाही. कारण विचारलं म्हणजे चारचौघांत त्याची लाज काढली. घासाघीससुद्धा करायची नाही. तो म्हणेल तो भाव द्यायचा आणि वर दाव्याचे, म्हणजे बैल बांधायच्या दोराचे, म्हणून थोडे जास्त द्यायचे. बैल सोडताना त्या माणसाच्या हातात नुसतं रिकामं दावं राहू नये, असं त्यामागचं म्हणणं.

"त्यानं सांगतलं ना घरी दुखणं हाय म्हणून," बापू म्हणाले. "त्याच्या मांगं कायले खोदून पाह्यतं? उद्या आपल्यावर येळ आली त?"

"बापू, हा बैलबाजार नाही."

"इकणारा त माणूसच हाय ना?"

वहिनीनं याडीच्या कानात काहीतरी सांगितलं. याडी बापूंना म्हणाली, "सून म्हणते, भाऊजीले पाहू द्या येक डाव." बापू म्हणाले, "पाहू दे. पण तो माणूस तोवर थांबन काय?"

तो थांबणार नव्हताच. आठवड्याच्या मध्यावर मी शाळेत असताना त्याचा निरोप आला, की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, वडिलांचं ऑपरेशन आजच आहे, घ्यायचं तर संध्याकाळच्या आत. वहिनीनं याडीला सांगितलं, याडीनं बापूंना, आणि बापूंनी हो म्हणून टाकलं. बापूंचा हो गेला म्हणजे गेला. भावाच्या मोबाइलवरून पैसे गेले. वर दाव्याचेही गेले. त्या माणसानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, देव तुमचं भलं करो.

देव तुमचं भलं करो! माझ्या बापानं त्याच्या बापाच्या दवाखान्यासाठी वरचे पैसे पाठवले आणि हा गडी आशीर्वाद देऊन मोकळा झाला. त्याच्या घरात कुणी आजारी नव्हतं. असलंच आजारपण तो आणखी पाच-पन्नास नावांखाली लिहून बसला होता, हे मी नंतर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुठं कुणाची आई, कुठं कुणाची बायको. माझी खात्री आहे की त्याचं घर धडधाकट आहे आणि दोन वेळचं चवीनं जेवतं.

पण ते नंतर. त्याआधी आमचे बरे दिवस होते. वेबसाइट मी बांधून दिली, आणि माझंच काम आहे म्हणून सांगत नाही, पण छान दिसत होती. बायकांचे काम करतानाचे फोटो, खाली वहिनीचा नंबर. प्रत्येक पिशवीला एक पट्टी, आणि पट्टीवर छापलेलं नव्हे, तर दोऱ्यानं भरलेलं नाव. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, इंग्रजी तर नाहीच. वहिनी कागदावर नाव काढून द्यायची आणि त्या टाके मोजून ते कापडावर उतरवायच्या. याडीला अक्षर म्हणजे नक्षीच. तिनं शेवटच्या अक्षराच्या शेपटाला आपल्या मनानं एक बुट्टी जोडली.

"याडी, हे अक्षर असं नसते," मी म्हणालो.

"मंग आतापासून असंच," ती म्हणाली.

पहिली पिशवी भावानं काळीपिवळीत, समोरच्या आरशाशेजारी टांगली. ढाणकीपर्यंतचे सगळे प्रवासी ती बघायचे आणि भाऊ विचारलं नाही तरी सांगायचा.

मग फोन सुरू झाले. पहिला आला तेव्हा वहिनी पाणी भरत होती. हिंदीतून एक बाई रडत रडत शिव्या देत होती. राँग नंबर म्हणून वहिनीनं सोडून दिलं. दुसरा आला, तिसरा आला. एकानं पैसे परत दे म्हणून धमकावलं, एकानं असलं काही लिहून पाठवलं की वहिनीनं मोबाइल पालथा ठेवला आणि जेवली नाही. ज्या दुकानदारांना आम्ही वेबसाइट पाठवली त्यांच्याकडं आधी लाल पान उघडायचं: हे ठिकाण धोकादायक आहे, मागं फिरा. आमचे ईमेल त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडत होते. मी त्या रविवारी बसलो आणि जे आधी करायचं म्हणालो होतो ते केलं. चहा निवायच्या आत सगळं समोर आलं.

त्या नावानं आधी एक ठगांची कंपनी चालायची. घरबसल्या टायपिंगचं काम देतो म्हणायचे. पोरीबाळींकडून नोंदणीचे पैसे घ्यायचे, आधार कार्ड आणि फोटो घ्यायचे, काम करून घ्यायचे. मग तुम्ही करार मोडला, कोर्टात खेचतो म्हणून घाबरवायचे. कुणी पैसे दिले नाहीत तर तिच्या फोटोवर ‘चोर’ लिहून तो तिच्या सगळ्या ओळखीच्यांना धाडायचे. बोभाटा झाल्यावर ते पांगले, आणि नाव धुऊन-पुसून, सोनेरी अक्षरं लावून बाजारात येऊन बसलं. आम्ही ते घेतलं आणि खाली वहिनीचा नंबर दिला. ज्यांना ज्यांना शिव्या द्यायला माणूस सापडत नव्हता, त्यांना तो सापडला.

हे कळलं त्याच आठवड्यात भाऊ गाडी घेऊन ढाणकीच्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री आमच्या जुन्या घरोब्याचे. ईदला त्यांचा शीरखुर्मा आमच्याकडं येतो आणि होळीला आमच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडं जातात. ते वायर बघायला गाडीत वाकले आणि तसेच थबकले. त्यांनी टांगलेल्या पिशवीची पट्टी हातात घेऊन वाचली.

"ये नाम कहाँ से आया रे तेरी गाडी में?"

"आपलीच कंपनी हाय, चाचा," भाऊ अभिमानानं म्हणाला. ठगांचं त्याला अजून कुणी नीट समजावलं नव्हतं. "घरच्यांनी काढली."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. त्यांची मुलगी बारावीनंतर घरी बसून टायपिंग करत होती, एवढं भावाला माहीत होतं. तिचा चोर म्हणून फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला आणि तिनं कॉलेज सोडलं, हे माहीत नव्हतं. "इसी नाम से किया सब," मिस्त्री म्हणाले. "मेरी बच्ची अब फोन की घंटी सुनके काँपती. और तू बोल रा तेरी कंपनी है?" भाऊ गाडी तशीच घेऊन परत आला.

मिस्त्रींनी आरडाओरडा केला नाही. पण गॅरेजवर दहा रिकामटेकडे उभेच असतात. बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या ढाणकीला कळलं. आणि लोक काय म्हणाले? "तांड्यावाल्यांचं काम व्हय त!" जणू इतके दिवस सगळ्यांच्या मनात हेच होतं आणि आता फक्त शिक्कामोर्तब झालं. आज्याच्या वेळी आमच्या माणसांना ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी लागायची, असं बापू सांगतात. कशासाठी, तर म्हणे जन्मानंच चोर. तो कायदा कधीच गेला. पण कुठं कोंबडी हरवली तरी पहिली मान तांड्याकडं वळते. आमच्यावर लादलेलं एक खोटं नाव उतरवता उतरवता पिढ्या गेल्या, आणि हे दुसरं आम्ही रोख पैसे मोजून विकत घेतलं होतं. आधीच संतापी माणूस मी. त्या दिवसांत मी वर्गातल्या फळ्यावरसुद्धा खडू आपटत होतो.

मग पोलिसांची जीप आली. ठाणं कुठलं ते सांगत नाही, तिथल्या बऱ्या माणसांवरही चिखल उडेल. दोघांनी वहिनीला सगळ्या तांड्यादेखत उभं करून विचारलं, मोबाइल घेऊन गेले. मी उमरखेडहून धावत गेलो, नाव कधी आणि कसं घेतलं ते सगळं दाखवलं. एक जण म्हणाला, "शिकेल दिसता. मंग डोकं तुमचंच असन." मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही, आणि ते मी मनातल्या मनातच दिलं. वरच्या साहेबांनी बघितल्यावर मोबाइल परत मिळाला. माफी कुणी मागितली नाही.

नावांच्या त्या बाजाराला मी तक्रार केली. तिथं माणूसच नाही. एक यंत्र आहे, ते गोड बोलतं. तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अहो, गैरसोय? गैरसोय म्हणजे नळाला पाणी न येणं. इथं एका बाईला गावोगावचे लोक चोर म्हणतात, तिला गैरसोय म्हणता? मी हिरव्या खुणेचं विचारलं. यंत्र म्हणालं, विकणारा मालक आहे एवढंच आम्ही तपासतो; नावाचा पूर्वेतिहास बघणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. आणि शेवटी पाच चांदण्या दाखवून विचारलं, आमची सेवा कशी वाटली? मी मोबाइल बाजेवर फेकला. विकणाऱ्याचं दुकान तिथंच, शेजारच्या पानावर, सगळ्या आजारी आयाबापांसकट सुरू होतं.

इकडं तांड्यात नायकानं बैठक बोलावली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, वयानं बापूंच्या बरोबरीचा. बायकांचे नवरे तापलेले होते. "आमच्या घरच्यांचे फोटू तिथं टाकले," एक जण म्हणाला, "उद्या त्याह्यच्यावरही चोर म्हणून लिवलं त?" उद्यापासून आमच्या बायका कामाला येणार नाहीत, असं त्यांनी सांगून टाकलं. बापू मान खाली घालून बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "हो म्या म्हणलं होतं. जे बोलाचं ते मले बोला."

तेव्हा वहिनी उभी राहिली. ओढणी पुढं ओढलेलीच होती, पण आवाज याडीकडं नव्हता. ती सरळ बापूंशी बोलली, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"मामाजी, तुमी खाली बसा. तुमी अडलेल्या माणसाले आधार देल्ला. तो खोटा निंगाला, त ते त्याचं पाप. तुमी कायले मान खाली घालता?" मग ती बाकीच्यांकडं वळली. "नाव मले पाह्यजे होतं. मी कोणाचे पैसे खाल्ले नाही, कोणाच्या लेकीले रडवलं नाही. मी मान खाली घालनार नाही."

तिनं थेट सासऱ्याशी बोलणं हाच धक्का मोठा होता. नायक बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "ज्याच्या लेकीचं नुकसान झालं त्याच्या दारी जाय. तिनं तुले निर्दोष म्हणलं त तांडा म्हणन. ते पोरगी जे सांगन ते कराचं." आमच्याकडं न्याय असा होतो, ज्याला लागलं त्यानंच बोलायचं.

दुसऱ्या दिवशी भाऊ, वहिनी आणि मी मिस्त्रींच्या घरी गेलो. मुलगी आधी आतून येईना. आली ती भिंतीला चिकटून उभी राहिली. वहिनीनं पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्या व्यापाऱ्याचं, बकरीच्या भावाचं, बापूंच्या दाव्याच्या पैशांचं. मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आंटी, मले त्यांचे आवाज पाठ आहेत. तुमचा त्यात नाही." मिस्त्रींनी डोळे पुसले आणि चहा सांगितला. आम्हाला वाटलं, सुटलो. मग मुलीनं पिशवीकडं न बघता हळूच विचारलं, "हे नाव काढून टाकता? कुठं दिसलं की मले श्वास येत नाही."

वहिनी एक क्षणही थांबली नाही. "काढते, बेटा," म्हणाली.

त्या पोरीवर मी कसा रागावू? रागावण्यासारखं तिनं काहीच केलं नव्हतं. पण परतताना गाडीत माझ्या अंगाची लाही लाही होत होती, कारण ज्याच्यावर रागवायचं तो हाती लागत नव्हता आणि जे हाती लागत होते ते सगळे आमच्यासारखेच होते.

वेबसाइट मी त्याच दिवशी बंद केली. बायका परत आल्या आणि पट्ट्या उसवायला बसल्या. दाट टाके होते. दोरा निघाला, पण कापडाला भोकं राहिली, बारीक बारीक, नावाच्याच आकाराची. तेवढे तुकडे कापून टाकावे लागले. कुणीतरी सुचवलं की ते नाव परत त्याच बाजारात टाका, स्वस्तात, कुणीतरी घेईलच. बापूंनी त्याला अंगणातून उठवलं. ते नाव अजून भावाच्या नावावर आहे. बापू दरवर्षी त्याची फी भरायला लावतात, नाहीतर ते सुटून आणखी कुणाच्या तरी सुनेच्या गळ्यात पडेल म्हणून.

मी वहिनीला म्हणालो, "दुसरं नाव घेऊ. साधं, नवं कोरं. मी सगळं तपासून घेतो."

"नको, भाऊजी," ती म्हणाली. "आता कोणी कंपनीचं नाव ईचारलं तरी मले त्या शिव्याच ऐकू येतात. अन् बायकांचे नवरे आता पुन्हा फोटू टाकू देत नाहीत." मी आग्रह केला, चिडलो, तिच्यावरही चिडलो. तिनं उलथनं दाखवलं नाही. नुसती भाकरी थापत राहिली.

तयार माल घरात थप्प्या लावून पडला होता. तो बघवेना, तेव्हा वहिनीनं स्वतःच व्यापाऱ्याला फोन केला. तो आला. चहा प्यायला, याडीच्या पाया पडला, आधीपेक्षा भाव पाडून मागितला. वर एक जाड पाकीट बाजेवर ठेवलं. त्यात लेबलं होती, त्याच्या मुलीच्या नावाची, वळणदार इंग्रजीतली. आधी ती शहरात शिवली जायची. आता म्हणाला, तेवढं इथंच करून द्या, बहन. मी उठून उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तो हसतमुखानं ऐकत राहिला.

"भाऊजी, बसा," वहिनी म्हणाली. "साऱ्यांच्या घरी चूल हाय."

मी बसलो. तो गाडीत जाऊन फोनवर बोलत बसला आणि बायका लेबलं घेऊन ओसरीत बसल्या. याडीनं एक लेबल डोळ्यांजवळ नेलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे कोणाचं नाव व्हय?"

"त्याच्या पोरीचं," मी म्हणालो.

तिनं मांडीवरचा अभ्रा उलटा केला, सुलटा केला, आरसे बघितले, कवड्या बघितल्या, कडेचे टाके बघितले.

"याच्यातलं तिनं काय केलं?"

"काईच नाही, याडी."

वहिनीनं वर बघितलं नाही. याडीनं सुईत दोरा ओवला आणि ते लेबल शिवायला घेतलं.